पोते अडवावे, वही उघडू नये

अपायकारक संकेतस्थळे बंद व्हावीत, याविषयी व्यापारी वर्गात दुमत नाही. बनावट नावाने दुकान मांडून आगाऊ रक्कम उकळणारी संकेतस्थळे आमच्या व्यवसायासही उपद्रव देत आहेत. घरातील मुलांची काळजी तर वेगळीच. प्रश्न आहे तो हे काम कोणत्या रीतीने व्हावे एवढाच.

जकातनाका ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही गोष्ट सहज उमगेल. नाकेदार पोत्यावरील खूण व बिल्टी पाहून गाडी अडवीत असे; व्यापाऱ्याची रोजकीर्द तो वाचीत नसे. इंटरनेटवरील बहुतेक मजकूर आता सांकेतिक रूपात, जणू कुलूपबंद होऊनच जातो. मात्र संबंध जुळताना संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडे असते, आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे यंत्र ते वाचून वाट अडवू शकते. आतील मजकूर पाहावयाचा तर कुलपाची दुसरी किल्लीच घडवावी लागते. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ मध्ये नागरिकांच्या उपकरणांत आपले प्रमाणपत्र बसवावयास लावून तोच उद्योग केला. काही आठवड्यांतच तो आवरता घेण्यात आला, व गूगल आणि मोझिला यांनी आपल्या ब्राउझरांत ते प्रमाणपत्र निरुपयोगी ठरविले. हे योग्यच झाले. चोरासाठी घडविलेली किल्ली सावकाराच्या पेटीसही लागते. आमचे बँकेचे व्यवहार त्याच वाटेने जातात.

नाव पाहून अडविण्यातही दोष आहे. एका पानासाठी सारे दुकान बंद होते. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे ३२ संकेतस्थळे बंद झाली, त्यांत संगणकाचे काम करणाऱ्या असंख्य लोकांचे गिटहबही होते; पुढे ते खुले करावे लागले. एका पोत्यास कीड लागली म्हणून सारी वखार मोहोरबंद करावी, तसेच हे झाले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ सरकारला बंदीचा अधिकार देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात ते वैध ठरविले, आणि बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात याकडे लक्ष वेधले. परंतु २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रारी व कारवाई गुप्त ठेवावयास सांगतो. ज्याचा माल अडविला त्यास पावतीही न मिळावी, हा कोणत्या पेढीचा न्याय?

म्हणून आपल्या संघाने शासनाकडे निवेदन करावयाचे तर ते एवढेच असावे: बंदी नावापुरती असावी, लेखी आदेशाने व्हावी, आणि आदेशाची प्रत संबंधितास मिळावी. कुलूप मात्र कोणीही फोडू नये.