जादूची नियमावली पहिल्याच प्रकरणात नको

मराठीत स्वतःचं नवं जग रचून फँटसी लिहिणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांनी वाचायला पाठवलेल्या कादंबऱ्या उघडल्या की पहिल्याच प्रकरणात जीव घुसमटतो. सात राज्यं, बारा कुळं, हजार वर्षांपूर्वीचं महायुद्ध. नायकाकडे अग्नी, नायिकेकडे जल, खलनायकाकडे सावली. कोणाची शक्ती कोणावर चालत नाही, तेही लगेच सांगून मोकळे. सगळं आलं, फक्त गोष्ट आली नाही.

याला म्हणे वर्ल्डबिल्डिंग म्हणतात. मी याला जनगणना म्हणते.

यामागे भीती आहे. मोबाइलवरचा वाचक थांबत नाही, त्याला लगेच कळलं नाही तर तो पुढे सरकेल, म्हणून सगळं आधीच समजावून टाका. हा वाचकाचा अपमान आहे. वाचक न कळल्यामुळे जात नाही. कळून घ्यावंसं काही उरलं नाही की जातो.

'वन पीस' बघा. 1997 साली सुरू झालेल्या या मांगाच्या पहिल्याच प्रकरणात शँक्स एका समुद्री राक्षसाकडे नुसता रोखून बघतो आणि तो राक्षस पळ काढतो. का, ते ओडा तिथे सांगत नाही. त्या शक्तीचं नाव आणि नियम वाचकांना कळायला कित्येक वर्षं गेली. तोवर कुणाचंही काही अडलं नाही. उलट नंतर मागे जाऊन ते पान पुन्हा बघण्यात वेगळीच मजा आली.

कुणी म्हणेल, 'तुंबाड' तर सुरुवातीलाच हस्तरची कथा सांगून टाकतो. बरोबर. पण 2018चा हा सिनेमा हस्तर कोण, एवढंच आधी सांगतो. नाणी मिळवायची कशी, पिठाची बाहुली कशासाठी, चूक झाली तर काय होतं, हे माणसं लोभापायी खाली उतरतात तेव्हा दिसतं. आणि शेवटी बापलेक जे करून बसतात, त्याचा परिणाम आपण आधी पाहिलेल्या नियमातूनच निघतो.

दुसरा आक्षेप असा की आपल्या परंपरेत सगळं आधीच ठाऊक असतं, रहस्य ही बाहेरची हौस. मग कर्णाचं काय? त्याचा जन्म ऐकणाऱ्याला आदिपर्वातच कळतो. पण खुद्द कर्णाला कृष्ण ते सांगतो युद्ध तोंडावर आल्यावर, आणि पांडवांना कुंती सांगते ते युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. माहिती तीच. पण ती ज्या क्षणी पोचते, त्या क्षणी युधिष्ठिराच्या विजयाची माती होते. हीच माहिती पात्रपरिचयात टाकली असती तर एक ओळ झाली असती.

म्हणजे लपवाछपवी करा असं मी म्हणत नाही. शेवटच्या लढाईत नायकाला अचानक नवी शक्ती फुटणं ही तर शुद्ध फसवणूक. ब्रँडन सँडरसनचा पहिला नियम हेच सांगतो: जादूने संकट सोडवायचं असेल तर ती जादू वाचकाला तेवढी आधी समजलेली हवी. वाचकाला खुणा द्या, अर्थ नंतर द्या.

तुमचं जग तुम्हाला पूर्ण माहीत असायलाच हवं. त्याची वही करा, नकाशे काढा, वंशावळी लिहा. पण ती वही स्वतःजवळ ठेवा. पहिलं प्रकरण पुन्हा वाचा आणि प्रत्येक माहितीला विचारा: ही कळावी म्हणून गोष्टीतल्या कुणी काही गमावलं का, कुणाला तिची आत्ता गरज आहे का? दोन्हीला उत्तर नाही असेल, तर ती ओळ खोडा. नायकाच्या हातातून आग निघते हे मला त्याने चुकून स्वतःचं घर जाळलं, त्या रात्री कळू दे.