ताईचं पासबुक

दोस्तांनो, विरार लोकलनं कॉलेजला जाणाऱ्या ताईला विचारा बरं, "तुझं पासबुक कुठंय?" पुष्कळदा उत्तर येतं, "बाबांच्या कपाटात!" एटीएमचा नंबर दादाला पाठ. हे काही मला पटत नाही हं!

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. कित्येकींना सही येत नव्हती, म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला. मग त्या लिहा-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करू लागल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आईबाबा, पदवीच्या वर्गातल्या मुलीचा पिन तिचा तिलाच ठेवू द्या. फोनवरून रोज २० रुपये गेले, तर वर्षाचे ७,३०० होतात. ते तिलाच वहीत मांडू दे. आणि छोट्यांनो, १० वर्षांवरच्या मुलांनाही स्वतःचं बचत खातं चालवता येतं, बरं का!