मन सांभाळणाऱ्यांचे श्रम

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत इस्पितळात राबणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी मात्र २०२३च्या नियमांत तासांचा आकडाच नाही. काम 'वाजवी' तास करावे, एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे अर्थातच ज्याला माणसे कमी पडतात तो ठरवतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. सुधारणेचाच आकडा एवढा असेल, तर प्रत्यक्ष व्यवहार कसा असेल याची कल्पना करावी.

या तरुणांना येणारी हताशा आणि थकवा यांस 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम होय, असे म्हटले. तरीही उपाय सुचविले जातात ते व्यक्तीला: ध्यान करा, मन खंबीर करा. दोष व्यवस्थेचा आणि औषध मात्र कामगाराला, हा जुनाच न्याय आहे.

मानसोपचाराचे काम केवळ तासांत मोजता येत नाही. ज्याच्याशी महिनोन् महिने संवाद साधला त्या रुग्णाने आत्महत्या केली, तर नवख्या डॉक्टराला, मानसशास्त्रज्ञाला वा समाजकार्यकर्त्याला ते दुःख वडीलधाऱ्या सहकाऱ्यापुढे मोकळे करण्याची गरज असते. हे मार्गदर्शन म्हणजे प्रशिक्षणाचा गाभाच. परंतु शिक्षकांची पदे अपुरी आणि बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असली, की पहिली काटछाट त्याच वेळावर होते. शिकाऊ उमेदवार मग विद्यार्थी न उरता स्वस्त मजूर होतो.

तास कमी केले तर रुग्णांनी जावे कोठे, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न खरा आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. २०१७च्या कायद्याने उपचार हा हक्क मानला. आंतरराष्ट्रीय निकषांइतके मनुष्यबळ दहा वर्षांत उभारण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. कायदा २०१८च्या मे महिन्यात अमलात आला. म्हणजे ही मुदत २०२८ साली संपते. शासनाने न केलेल्या खर्चाची भरपाई तरुणांच्या झोपेतून करून घेण्याने हा हक्क पुरा होणार नाही. थकून काम सोडणारा प्रत्येक जण ही टंचाई वाढवीतच जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात: तासांची बंधनकारक मर्यादा, साप्ताहिक सुटी, वेळेवर विद्यावेतन, वेळापत्रकात राखून ठेवलेले मार्गदर्शन आणि रिक्त पदांची भरती. निवासी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, परिचारिका आणि वॉर्डातील कर्मचारी आज वेगवेगळ्या दारांशी अर्ज घेऊन उभे आहेत. त्यांना रुग्णांच्या कुटुंबीयांसह एका मागणीपत्राभोवती आणणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. लोखंड्यांनी सुटी मागितली ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. इस्पितळातही तीच भाषा बोलावी लागेल.