वार्निशचं सोवळं

जुन्या बांबूच्या फ्लाय रॉडला हात लावू नये, असं मानणारा संग्राहकांचा एक मोठा वर्ग आहे. वार्निश तडकलेलं असो, रेशमाचे वेढे सुटलेले असोत, टोक मोडलेलं असो. आहे तसं राहू द्या, कारण मूळ रूप गेलं की किंमत गेली आणि कारागिराची खूणही गेली. याच्या अगदी उलट टोकाला हौशी नूतनीकरणवाले. त्यांच्या हाती नव्वद वर्षांची रॉड पडली, की ती दिवाळीला रंगवलेल्या दारासारखी चकाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वरवर पाहता या दोन पक्षांचं हाडवैर आहे. चूक मात्र दोघांची एकच. रॉड हे मासे धरायचं अवजार आहे, याचा दोघांनाही विसर पडतो.

आधी वस्तू पाहू. बांबू उभा चिरून कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटी रंध्याने त्रिकोणी आणि टोकाकडे निमुळती करायची, अशा सहा कामट्या सरसाने चिकटवून षट्कोनी भरीव काठी करायची. कामट्या चिकटवून रॉड करण्याचं श्रेय अमेरिकेत बहुधा पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या सॅम्युएल फिलिपला दिलं जातं; काळ 1840चं दशक. पुढे 1870च्या दशकात हायरम लेनर्डने कामट्या कापायचं यंत्र वापरून धंदा उभा केला. सुरुवातीचा बांबू हिंदुस्थानातून जाई आणि 'कलकत्ता' या नावाने विकला जाई. नंतर दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. सांध्यांना जर्मन सिल्व्हरच्या नळ्या, दोरी ओवायला कड्या, त्या बांधायला रेशीम आणि वरून वार्निश.

आता 'हात लावू नका' या पक्षाकडे वळू. वार्निश असतं कशासाठी? ओल बाहेर ठेवण्यासाठी. जुन्या रॉडमधला प्राणिज सरस ओलीने सुटतो. तडकलेलं वार्निश जपायच्या नादात आतला जोड सुटू द्यायचा, हा कुठला शहाणपणा? शिवाय ज्या कारागिरांच्या नावाने हे सोवळं पाळलं जातं, त्यांनी ते कधी पाळलं नाही. चांगल्या रॉडबरोबर गिऱ्हाइकाला दोन टोकं मिळत, कारण एक केव्हातरी मोडणार हे बनवणाराच धरून चाले. नव्या वार्निशसाठी रॉड कारखान्याकडे परत पाठवणं हाही नेहमीचा व्यवहार होता.

फिलिप बंदुकांबरोबर व्हायोलिनही करत असे, म्हणून दाखला व्हायोलिनचाच घेऊ. स्ट्राडिव्हेरीच्या आज वाजणाऱ्या बहुतेक व्हायोलिनांची मान केव्हाच बदललेली आहे. तरी ती त्याची नाहीत, असं कोणी म्हणत नाही. 'पण त्यांचं वार्निश तर कोणी खरवडत नाही!' असा आक्षेप येईल. तो मला मान्यच आहे. झिजतं ते बदला, शाबूत आहे ते सोडा, एवढंच माझं म्हणणं. व्हरमाँटमधल्या अमेरिकन म्युझियम ऑफ फ्लाय फिशिंगमध्ये शोभेल अशा दुर्मिळ नगाला तर कोणीच हात लावू नये. तो अभ्यासाचा पुरावा आहे. पण माँटेग्यूसारख्या कारखान्यातून ढिगाने निघालेल्या, माळ्यावर पडून राहिलेल्या रॉडला संग्रहालयाचा नियम लावायचं कारण काय?

नूतनीकरणवाल्यांची चूक याहून महागाची. ते आधी पॉलिश पेपर उचलतात. बांबूची ताकद सालीलगत असते, हे कोणताही बुरूड सांगेल. म्हणूनच कामटीला रंधा लावायचा तो आतल्या दोन बाजूंना; साल शक्य तेवढी राखायची. त्यात भरीव काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. टोकाकडे 2 मिलिमीटर जाड असलेल्या भागावरून सर्व बाजूंनी फक्त 0.1 मिलिमीटर घासलं, तरी तिथला सुमारे एक तृतीयांश ताठपणा गेला. सालीचे कणखर तंतू गेले ते वेगळेच. रॉड दिसायला नवी होते आणि फेकायला लुळी. आजारापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

तिसरा पक्ष व्यवहारी: 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ग्राफाइट घ्या.' ग्राफाइट हलकं आहे, लांब फेकतं, यात वाद नाही. पण बांबू केवळ गुणांत हरला, हा इतिहास अर्धा आहे. 1950च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालाची आयात रोखली, टोंकिन बांबू आटला आणि बाजार फायबरग्लासकडे गेला. ग्राफाइट आलं 1970च्या दशकात. आणि अरुंद ओढ्यात, दहा-बारा मीटरच्या फेकीला हवा असतो तो संथ, बेतशीर झोका. तो बांबूत आजही आहे. उरला खर्च. तो मजुरीचा आहे, आणि ही मजुरी स्वतःला शिकता येते.

मग दुरुस्ती कशी असावी? कमीत कमी काढणारी, आणि पुढच्याला उकलता येणारी. नळी ढिली झाली तर ओढाताण नको. आधी तिच्यातून आरपार गेलेली बारीक पिन शोधा. ती न काढता नळी ओढली, तर काठी चिरते. मग हलकी धग देऊन नळी उतरवा आणि पुन्हा बसवताना धगीने सुटणारंच सिमेंट वापरा; इपॉक्सी लावलंत तर पुढच्या माणसाला नळी कापावी लागेल. वाकलेला भाग दिव्याच्या धगीवर फिरवत ऊन करा, सरळ करा आणि निवेपर्यंत तसाच धरा. कडी बांधताना दोऱ्याचं पहिलं टोक वेढ्यांखाली दाबून घ्या. शेवटच्या काही वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास ठेवून त्यातून दुसरं टोक आत ओढा. गाठ कुठेच नाही. रंग मात्र आधी तुकड्यावर पाहा: वार्निश चढलं की रेशीम गडद होतं, पांढरं तर जवळजवळ पारदर्शक. आणि काय बदललं याची चिठ्ठी रॉडच्या नळकांड्यात टाका. तिच्यामुळे मूळ काय आणि नंतरचं काय हे ओळखता येतं, आणि फसवणुकीचा आरोपही उरत नाही.

कसोटी दोन प्रश्नांची. दुरुस्तीनंतर रॉड दोरी नीट फेकते का? आणि तुमचं काम उद्या दुसऱ्याला, काठी न दुखावता, उकलता येईल का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर किंमत किती उतरली याची चिंता विकणाऱ्याने करावी. वापरणाऱ्याने नदी गाठावी.