विश्लेषण : एसयूव्हीचे टायर ‘बारमाही’ असतात का? शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर काय पाहून घ्यावेत?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात चार-दोन एसयूव्ही दिसतात. कोणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत रोज ये-जा करतो, कोणी पुण्याला भाजीपाल्याच्या किंवा दवाखान्याच्या कामाने जातो, कोणाची गाडी गाव आणि शेत यांच्यातच फिरते. गाडी घेताना महिनाभर चौकशी होते, पण तिचे टायर बदलताना दुकानदार जे पुढे करेल ते घेतले जाते. अलीकडे दुकानांत आणि ऑनलाइन जाहिरातींत ‘ऑल सीझन’, ‘लाँग लाइफ’ असे शब्द सर्रास दिसतात. त्यांचा अर्थ काय आणि आपल्याकडच्या रस्त्यांसाठी खरे निकष कोणते, याचा हा आढावा.

‘ऑल सीझन’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द बर्फ पडणाऱ्या देशांतून आला आहे. तिथे उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. म्हणून हिवाळ्यात मऊ रबराचे टायर लावतात. दोन संच बाळगण्याचा खर्च टाळण्यासाठी मधला पर्याय म्हणून ‘ऑल सीझन’ टायर आले. त्यांच्यावर ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी खूण असते. बर्फावरची चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह असते.

शिरूर-दौंडमध्ये थंडीतल्या काही पहाटे वगळल्या तर हा प्रश्नच उद्भवत नाही. भारतात विकले जाणारे बहुतेक मोटारींचे टायर वर्षभर वापरण्यासाठीच बनवलेले असतात. त्यामुळे केवळ ‘ऑल सीझन’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग इथले ऋतू कोणते?

टायरच्या दृष्टीने या भागात तीन ऋतू महत्त्वाचे आहेत. पहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याच्या पूर्व भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत ते कुरकुंभ असा सलग वेगाने प्रवास केला की टायर आतूनही तापतो. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि उष्णता आणखी वाढते. टायर फुटण्यामागे हे मोठे कारण असते.

दुसरा पावसाळा. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा आठ महिन्यांची धूळ आणि तेलकट थर असलेल्या रस्त्यावर पडतो. पहिल्या सरींत रस्ता सर्वाधिक निसरडा असतो. सखल भागात पाणी साचले की नक्षी घासलेला टायर ते पाणी बाहेर फेकू शकत नाही. चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात.

तिसरा ऋतू गाळप हंगामाचा. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना लागलेली काळी माती डांबरावर येते. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर किंवा पारगाव, राहू, मांडवगण परिसरात हे नेहमीचे दृश्य आहे. त्यावर पहाटेचे दव किंवा अवकाळी सर पडली की डांबरी रस्त्यावरही चिखलावर चालवल्यासारखी गाडी घसरते. कडेला उतरावे लागल्यास खडीने टायरच्या बाजूला कट बसतो तो वेगळाच.

एचटी घ्यावा की एटी?

एसयूव्हीसाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात. ‘एचटी’ म्हणजे महामार्गाचा टायर, ‘एटी’ म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा आणि ‘एमटी’ म्हणजे खास चिखलाचा. जाड, उघड्या नक्षीचा एटी टायर दिसायला रुबाबदार असतो. कट आणि खडी तो चांगली सोसतो. मात्र त्याचा आवाज जास्त येतो, इंधन जास्त लागते आणि ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर सहसा एचटीपेक्षा वाढते.

ज्याची गाडी बहुतांश पुणे, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड अशा डांबरी रस्त्यावर चालते, त्याला एचटी पुरेसा आहे. वस्तीपर्यंतचा रस्ता कच्चा असेल, रोज काळ्या रानातून जावे लागत असेल, तर सौम्य नक्षीचा एटी योग्य. एमटी टायर या भागातल्या घरगुती गाडीला लागत नाही. वर्षातले चार दिवस चिखलात जातात म्हणून उरलेले दिवस महामार्गावर कमी पकडीचा टायर वापरणे शहाणपणाचे नाही.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

उदाहरणार्थ, ‘२१५/६० आर १७ ९६ एच’. यात २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९६ हा भार निर्देशांक असून एका टायरला ७१० किलो पेलता येतात असा त्याचा अर्थ. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. गाडीत मागे सात माणसे, वर सामान, कधी खताची पोती असा वापर असेल तर भार निर्देशांक फार महत्त्वाचा ठरतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या निर्देशांकापेक्षा कमीचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे उत्पादनाची तारीख. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला जाऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतला टायर मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. चारही टायरवरची तारीख पाहावी आणि बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटीसाठी तोच लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्हही असायला हवे.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो. तो अमेरिकी पद्धतीचा आहे. आकडा जितका मोठा तितका टायर हळू घासतो. मात्र प्रत्येक कंपनी हा आकडा स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायलाच तो उपयोगी पडतो. जास्त टिकण्यासाठी कडक रबर वापरले तर ओल्या रस्त्यावरची पकड कमी होण्याची शक्यता असते, हेही ध्यानात घ्यावे. ‘सर्वात जास्त टिकणारा’ आणि ‘सर्वात सुरक्षित’ हे दोन टायर एकच असतील असे नाही.

किलोमीटर मोजावेत की वर्षे?

दोन्ही. शिरूरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर. आठवड्यातून तीन वेळा ये-जा करणाऱ्याची गाडी वर्षाला २० हजार किलोमीटरच्या पुढे जाते. त्याचे टायर दोन-अडीच वर्षांत घासून संपतात. त्याच्यासाठी टिकाऊपणा म्हणजे नक्षीची खोली.

दौंडच्या एखाद्या गावात महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे गणित उलटे आहे. पाच वर्षांत ती जेमतेम ३० हजार किलोमीटर चालते. टायरवर नक्षी ठसठशीत दिसते, पण रबर उन्हाने वाळलेले असते. बाजूला बारीक भेगा पडतात, कधी फुगा येतो. असा टायर घेऊन लग्नसराईत गाडी भरून सोलापूर किंवा तुळजापूर गाठायला निघणे हा खरा धोका. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर ते कसेही दिसले तरी काढून टाकावेत, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी दहा वर्षे वाट पाहू नये. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे.

कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खाचांत आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ही किमान मर्यादा आहे. तीन मिलिमीटरच्या खाली ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर लक्षणीय वाढते. म्हणून मेअखेरीस नक्षी तीन मिलिमीटरवर आली असेल तर पावसाळ्यापूर्वीच टायर बदलणे योग्य.

शेवटपर्यंत ओढून किती वाचते?

समजा, एक टायर नऊ हजारांचा आणि तो ४५ हजार किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला २० पैसे, चार टायरचे ८० पैसे. बारा हजारांचा टायर ६० हजार किलोमीटर चालला तर हिशेब तेवढाच. उलट लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या डिझेल गाडीला इंधनावर किलोमीटरमागे सहा रुपयांच्या आसपास खर्च येतो. याचा अर्थ घासलेले टायर आणखी पाच हजार किलोमीटर ओढले तर वाचतात सुमारे चार हजार रुपये. बंपर बदलण्याचा खर्चही त्यात भागत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा हजार मूळ किमतीच्या टायरला पूर्वी १२,८०० रुपये लागत, आता ११,८०० लागतात. बिल न घेता ‘करात सूट’ घेण्याचा मोह टाळण्याचे हे आणखी एक कारण. रिमोल्ड किंवा जुने टायर घरच्या गाडीला लावणे टाळावे. त्या टायरने आधी किती भार आणि किती कमी हवा सोसली, हे वरून दिसत नाही.

दोनच टायर बदलायचे असतील तर?

नवे टायर मागच्या चाकांना लावावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पाण्यात मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत, अन्यथा आतल्या गिअरवर ताण येतो.

टायर कितीही चांगला घेतला तरी त्याचे आयुष्य हवेवर ठरते. महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पौंडाने वाढतो. दुपारी वाढलेला दाब पाहून हवा काढली तर रात्री टायर कमी हवेवर चालतो. गाडी पूर्ण भरली असेल तेव्हा स्टिकरवर मागच्या चाकांसाठी दिलेला जास्त दाब ठेवावा. आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्यावी. नायट्रोजन भरला म्हणून तपासणीतून सुटका होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर फुटला तर दैवाला दोष देता येतो का?

न्यायालय तसे मानत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटून ती दरीत कोसळली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही दैवी घटना असल्याचा दावा करीत विमा कंपनी अपिलात गेली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. जास्त वेग, कमी किंवा जादा हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे टायर फुटण्यामागे असतात आणि प्रवासापूर्वी टायर तपासणे ही चालक किंवा मालकाची जबाबदारी आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

व्यवस्थेने काय करायला हवे?

केंद्राने २०२२ मध्ये ‘एआयएस-१४२’ या मानकानुसार टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान अटी लागू करण्याचा निर्णय घेतला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकनही आले. पण तारे प्रामुख्याने इंधनबचत सांगतात. पावसात हा टायर गाडी किती लवकर थांबवेल, हे ग्राहकाला दुकानात कळत नाही. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी छापलेली असते. तशी श्रेणी इथेही बंधनकारक व्हायला हवी.

समृद्धी महामार्गावर अपघात वाढल्यानंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशापाशीच टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस टोलनाका आहे, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिक्रापूर-रांजणगाव पट्ट्यात हजारो कामगारांची रोज ये-जा आहे. मे महिन्यात या ठिकाणी आठवडाभर अशी तपासणी ठेवणे अवघड नाही. दंडापेक्षा नक्षीची खोली मोजून दाखवणे आणि हवा तपासून देणे एवढे झाले तरी पुष्कळ.

तोपर्यंत ग्राहकाने दुकानात चार गोष्टी विचाराव्यात : स्टिकरवरचेच माप आहे का, भार निर्देशांक कमी तर नाही ना, टायर कोणत्या आठवड्यात बनला आणि बिलावर क्रमांक लिहिला का. या चारही प्रश्नांची उत्तरे टायरच्या बाजूवर आणि बिलावर वाचता येतात. ‘ऑल सीझन’ या शब्दातून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.