रायवळ आंब्याचा सॉस : झाड राखावयाचे तर फळ वापरले पाहिजे

आपल्याकडे आंब्याचा विषय निघाला म्हणजे बोलणे हापूसवर येऊन थांबते. कलमे, फवारण्या, पेट्या, बाजारभाव, निर्यात यांवर व्याख्याने होतात, पुस्तिका निघतात आणि ते योग्यही आहे. परंतु बांधावर, ओढ्याकाठी, देवळाच्या आवारात आणि घरामागच्या परसात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या रायवळ आंब्याविषयी क्वचितच कोणी बोलते. त्याचे नाव निघते ते बहुधा लाकडाचा व्यापारी गावात आल्यावर. झाडाचा घेर मोजला जातो, सौदा ठरतो आणि आजोबांनी, पणजोबांनी राखलेले झाड दोन दिवसांत फळ्या व जळण होऊन गाडीवर चढते.

असे का व्हावे, याचा विचार शेतकरी बंधु-भगिनींनी आणि गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी करावा, यासाठी हा लेख आहे. माझे मत थोडक्यात असे की, ज्या झाडाच्या फळाला घरात उपयोग उरत नाही ते झाड फार काळ उभे राहत नाही. रायवळ राखावयाचा असेल तर त्याचे फळ स्वयंपाकघरात परत आणले पाहिजे. आणि हे करण्याचा सर्वांत सोपा, कमी खर्चाचा व सुरक्षित मार्ग म्हणजे घरच्या घरी केलेला आंब्याचा सॉस होय.

कायदा आहे, पण तो पुरेसा नाही

आपल्या राज्यात १९६४ सालचा वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा आहे व परवानगीवाचून तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत आंब्याचे नाव आहे. कायद्याचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु ज्या झाडापासून मालकाला काहीच मिळत नाही, ज्याची सावली पिकावर पडते आणि ज्याच्या सड्याने अंगणात माश्या होतात, ते झाड केवळ कायद्याच्या धाकाने किती दिवस टिकणार? आज ना उद्या परवानगीचा अर्ज होतोच.

याउलट, जेथे फळाला उपयोग आहे तेथे झाड टिकते. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा या भागांत आदिवासी कुटुंबे रायवळाच्या कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. उन्हाळ्यात हातात पैसा देणारे ते साधन आहे. तेथील माणसाला आंब्याचे झाड का राखावे, हे सांगावे लागत नाही. आमचुराला कैरी लागते. पिकलेल्या फळाचे काय करावे, हा प्रश्न मात्र इतर भागांत उरतोच.

रायवळाचे मोल

रायवळ आंबा कोयीपासून वाढतो, म्हणून प्रत्येक झाड निराळे असते. एकाचे फळ आंबट, दुसऱ्याचे साखरेसारखे गोड, तिसऱ्याला शेपूचा वास, चौथ्याला खोबऱ्याची चव. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या, गोटी अशी नावे लोकांनी चाखून व ओळखून ठेवली आहेत. हे प्रत्येक झाड म्हणजे एक स्वतंत्र वाण आहे. ते एकदा तोडले की पुन्हा तसेच मिळत नाही, कारण त्याच्या कोयीपासून उगवणारे झाड मूळ झाडासारखे निपजेलच असे नाही.

ज्या हापूसचे आपण कौतुक करतो तो हापूसही रायवळाच्या पायावर उभा आहे. कोकणातील रोपवाटिकांत रायवळाच्या कोया रुजवून त्यांच्या कोवळ्या रोपांवर कोय कलम बांधतात. रायवळ कमी झाला तर उद्या खुंट कोठून आणावयाचे, हा प्रश्न कलमांच्या बागाईतदारानेही स्वतःला विचारावा.

फळ वाया जाण्याचे तोटेही आहेत. रायवळ मे महिन्यात व जूनच्या आरंभी एकदम पिकतो. साल पातळ, रस भरपूर, धागा अधिक, त्यामुळे तो दूरच्या बाजाराला नेता येत नाही. पहिला पाऊस पडला की फळ झाडाखाली कुजते. अशा सडक्या फळात फळमाशीची पैदास होते आणि तीच माशी पुढे शेजारच्या कलमांच्या उशिराच्या फळांवर व परसातल्या पेरूवर जाते. झाडाखालचे फळ रोज वेचणे हा फळमाशीवरील एक खात्रीचा उपाय आहे. वेचलेल्या फळातील निरोगी फळाचा सॉस करावा. किडके फळ खोल खड्ड्यात पुरावे. सॉससाठी किडलेले, नासलेले किंवा फुटून माती लागलेले फळ मुळीच घेऊ नये. ‘नाही तरी शिजवावयाचेच आहे’ हा विचार घातक आहे.

सॉसच का?

आमरस एक-दोन दिवस टिकतो. साठे उत्तमच, परंतु त्यांना सलग चार-पाच दिवसांचे कडक ऊन लागते व नेमके त्याच वेळी आभाळ भरून येते. मुरंब्याला साखर फार लागते. सॉसचे तसे नाही. तो चुलीवर एका दिवसात होतो, त्याला ऊन लागत नाही आणि साखर बेताची लागते. शिवाय, वेगवेगळ्या झाडांचा आंबट-गोड रस एकत्र करून करता येतो, ही रायवळाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. बाजारात मोठ्या फळाला भाव मिळतो. सॉसला मात्र बिटकीही चालते.

करण्याची रीत

पिकलेली फळे स्वच्छ पाण्यात दोन वेळा धुऊन, देठाकडचा चीक काढून टाकावा. रस पिळून चाळणीतून किंवा विरळ कापडातून गाळून घ्यावा, म्हणजे धागा निघून जातो. रायवळाची कोय मोठी असल्याने फळाच्या वजनाच्या निम्मा रस निघाला तरी पुष्कळ समजावे. फळ फारच गोड असेल तर तीन भाग पिकल्या रसात एक भाग उकडलेल्या कैरीचा गर मिसळावा. एका झाडाचे फळ पिकत असता दुसऱ्याच्या कैऱ्या अजून हिरव्या असतात, त्यामुळे हे सहज जमते.

एक किलो रसास पुढील जिन्नस घ्यावेत : साखर २५० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, चिरलेला कांदा ५० ग्रॅम, आले २५ ग्रॅम, लसूण १० ग्रॅम, लाल तिखट १० ग्रॅम, जिरे, मिरी, दालचिनी व लवंग मिळून १० ग्रॅम आणि बाजारात मिळणारा तयार शिरका, म्हणजे व्हिनेगर, १०० मिलिलिटर. साखरेऐवजी चांगला गूळ घेतला तरी चालेल. रंग थोडा काळसर येईल एवढेच. तीव्र ॲसेटिक आम्ल आणून ते घरी पातळ करण्याच्या भरीस पडू नये. ते अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते.

कांदा, आले, लसूण व मसाला जाडसर ठेचून पातळ, स्वच्छ कापडात सैल पुरचुंडी बांधावी. स्टेनलेस स्टीलच्या किंवा न टवका उडालेल्या एनॅमलच्या पातेल्यात रस, तिखट व एक-तृतीयांश साखर घालून त्यात ही पुरचुंडी सोडावी. बिनकल्हईचे तांबे-पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम ही भांडी आंबट पदार्थास योग्य नाहीत. आच मध्यम ठेवून सतत ढवळत राहावे, कारण आंब्याचा रस लवकर तळाला लागतो व उडतोही. रस दाट होत आला म्हणजे पुरचुंडी चांगली दाबून काढून घ्यावी आणि मग उरलेली साखर व मीठ घालावे. सॉस झाला की नाही हे पाहण्यासाठी एक चमचा सॉस ताटलीत टाकावा. त्याच्या भोवती पाण्याचे वर्तुळ सुटत असेल तर अजून आटवावयास हवा. न सुटल्यास झाला असे समजावे. शिरका अगदी शेवटी घालून दोन-तीन मिनिटे उकळी येऊ द्यावी. तो आधी घातल्यास उडून जातो. एक किलो रसापासून सुमारे एक किलो सॉस मिळतो.

बाटल्यांची काळजी

पुष्कळांचा सॉस बिघडतो तो पातेल्यात नव्हे, बाटलीत. बाटल्या व झाकणे सोड्याच्या पाण्याने धुऊन पंधरा-वीस मिनिटे पाण्यात उकळावीत. गरम बाटलीतच कढत सॉस भरावा, वर दोन बोटे जागा सोडावी आणि झाकण लावावे. मग मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून त्यावर बाटल्या उभ्या कराव्यात, गळ्यापर्यंत गरम पाणी ओतावे आणि पाणी उकळू लागल्यापासून अर्धा तास तसेच ठेवावे. थंड पाण्यात किंवा गार फरशीवर गरम बाटली ठेवू नये, काच तडकते. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात व प्रत्येकीवर तारीख लिहावी.

कीटकनाशकाची बाटली, मग ती कितीही वेळा धुतलेली असो, घरातील कोणत्याही खाद्यपदार्थासाठी वापरू नये. याला अपवाद नाही.

आंबटपणा कमी करू नये, असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे कारण समजून घ्यावे. माती परीक्षणाच्या अहवालात आपण ‘सामू’ हा शब्द वाचतो. अन्नाचाही सामू असतो. तो ४.६ च्या खाली असेल तर बंद बाटलीत प्राणघातक विष निर्माण करणारे बोटुलिनम नावाचे जंतू वाढू शकत नाहीत. अतिगोड पिकलेल्या आंब्याचा सामू या मर्यादेच्या जवळ किंवा थोडा वरही जाऊ शकतो. म्हणून शिरका आणि कैरी ही केवळ चवीसाठी नाहीत, ती रक्षणासाठी आहेत. मुलांना आंबट आवडत नाही म्हणून शिरका गाळू नये. बाटलीवर बुरशी दिसली, झाकण फुगले, फेस आला किंवा दारूसारखा वास सुटला तर सर्व सॉस टाकून द्यावा. वरची बुरशी काढून खालचा खाऊ नये. उघडलेली बाटली कोरड्या चमच्याने वापरून दोन आठवड्यांत संपवावी. घरी शीतकपाट असल्यास त्यात ठेवावी.

उपयोग

भाकरी, थालीपीठ, धिरडे, भजी यांबरोबर हा सॉस रुचकर लागतो. आमटीत चिंचेऐवजी दोन चमचे घातल्यास निराळीच चव येते. पावसाळ्यात घरी भाजी नसते त्या दिवशी तोंडीलावण्याचा प्रश्न सुटतो. आंब्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारे केरोटिन शिजविल्यानंतरही बऱ्याच अंशी राहते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र बरेच नष्ट होते. त्यात मीठ व साखर असल्याने तो तोंडीलावण्यापुरताच घ्यावा. भाजीची जागा त्याला देऊ नये.

विक्री आधी की घर आधी?

प्रात्यक्षिकाच्या वेळी पहिला प्रश्न नेहमी ‘हा विकला कोठे जाईल?’ असा असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु माझे मत असे की, पहिली दोन वर्षे सॉस घरासाठीच करावा. घरच्या बाटल्या वर्षभर टिकल्या, चव दर खेपेस सारखी आली, म्हणजे मग विक्रीचा विचार करावा. विकावयाचा तर २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, मग उद्योग कितीही लहान असो. पहिल्याच वर्षी शंभर बाटल्या भरून त्यांतील निम्म्या नासल्या, तर तो गट पुन्हा पातेले चुलीवर चढवीत नाही आणि दोष मात्र आंब्यावर येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मे-जून म्हणजे पेरणीपूर्व कामांचे दिवस. आधीच कामाने थकलेल्या घरच्या बाईवर हे आणखी एक काम का लादावे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला उत्तर एकच आहे : हे काम एकट्या बाईचे असता कामा नये. चार घरांनी मिळून एक चूल मांडावी. फळ वेचणे, पाणी व जळण आणणे, बाटल्या उकळणे आणि तासभर पळी फिरविणे ही कामे घरातील पुरुषांनी करावीत. यांतील एकही काम पुरुषाला न जमणारे नाही.

कार्यकर्त्यांना विनंती

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या वर्षी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या गावातील रायवळ झाडांची यादी करावी : झाड कोठे आहे, त्याचे नाव काय, चव कशी, फळ केव्हा पिकते. हे सांगणारी वृद्ध माणसे गावात आहेत तोपर्यंतच ही माहिती मिळेल. दुसरी, मे महिन्यात निदान एका वस्तीवर सॉसचे प्रात्यक्षिक घ्यावे व त्यास पुरुषांनाही बोलवावे. तिसरी, रस काढल्यावर उरलेल्या कोया फेकू देऊ नयेत. आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही. ती धुऊन थोड्याच दिवसांत रुजत घालावी किंवा जवळच्या रोपवाटिकेकडे पोचवावी. जमल्यास गावाच्या सामाईक जागेत काही रोपे लावावीत.

एका झाडाखालच्या पाच-सहा पाट्या फळांतून घराला वर्षभर पुरेल इतका सॉस होतो, शेजारच्या बागेतील फळमाशी कमी होते आणि कोयांतून पुढील खुंट उभे राहतात. लाकडाच्या व्यापाऱ्याची किंमत एकदाच हाती येते आणि त्याच वर्षी खर्च होते. झाड मात्र नातवंडांनाही फळ देते. व्यापारी दारात येईल तेव्हा घरातील माणसांना हा हिशेब मांडता आला पाहिजे. तो मांडता यावा यासाठी या उन्हाळ्यात निदान एक पातेले चुलीवर चढवावे.