औषध मिळते, पण बोलायचे कोणाशी?

मानसशास्त्राच्या पेपरात ‘समुपदेशन म्हणजे काय ते सांगून त्याची उद्दिष्टे लिहा’ असा प्रश्न येतो. मी ते उत्तर पाठ केले होते, गुणही बरे पडले. पण आमच्या आबांनी, “समुपदेशन म्हंजी काय गं?” असे विचारले तेव्हा मला धड सांगता आले नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा असल्या शब्दांचे अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडेच असते.

आबांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन दोन वर्षे झाली. आठवड्यातून दोनदा गेवराईहून बीडला जायचे, चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे आणि संध्याकाळच्या एस. टी.ने परत यायचे. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेल्या पाच दिवसांचे काय? आई सकाळी एक तांब्या पाणी भरून ठेवते, तोच रात्रीपर्यंत पुरवायचा, चहासुद्धा त्यातच धरायचा. आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. केळी बंद, नारळपाणी बंद. ज्या हातावर फिस्टुला केला त्या हाताने वजन उचलायचे नाही, आणि तो हात आहे शेतकऱ्याचा! कोणाच्या घरी गेले आणि चहाला नको म्हटले तर लोकांना राग येतो, म्हणून आबांनी जाणेच सोडले. मग बोलणेही सोडले.

एके रात्री ते म्हणाले, “माय, मह्या डोळ्यांदेखत तुझं एकदा उरकलं म्हंजे मी मोकळा.” मी घाबरून म्हटले, “आबा, असं वंगाळ बोलू नका.” ते गप्प झाले. आठच दिवसांत घरात स्थळांची चर्चा सुरू झाली. आता कळते की त्या रात्री त्यांना काहीतरी सांगायचे होते आणि ते मी तोंडातच अडवले. प्रेमापोटी अडवले, तरी अडवलेच.

ते सांगणे पुढे घडले ते बीडला, शेजारच्या खाटेवरच्या माणसापाशी. तेही आमच्यासारखेच शेतकरी, यंत्रावर चौथे वर्ष. त्यांनी उपदेश केला नाही. “रात्री झोप लागती का?” एवढेच विचारले. आबा तासभर बोलले म्हणे. आपण गेल्यावर पोरीचे कोण बघेल, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. घरी येऊन त्यांनी आईला सांगितले, “यंदा राहू द्या, पोरीची परीक्षा होऊ द्या.” पुढच्या वर्षी काय होईल ते मला सांगता येत नाही.

पण शेजारची खाट नशिबाने मिळते. काहीजण म्हणतील, आपल्या गावात पार आहे, भजन आहे, भावकी आहे, हे समुपदेशन शहरातले खूळ. मलाही आधी तसेच वाटे. परंतु ज्या भावकीशी बांधाचा वाद आहे तिच्यापुढे ‘मला मरणाची भीती वाटते’ असे कोणता माणूस म्हणेल?

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०१५ साली मराठवाड्याच्या आठही आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या मनावरील ताणासाठी, ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करणार होत्या. कल्पना चांगली. मात्र आशाताई गावातलीच कोणाची तरी सून असते, तिच्यापाशी मन उघडताना माणूस बिचकतो. २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेली-मानस’ आले. १४४१६ वर फुकट बोलता येते, मराठीतही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सगळ्यांसमोर, आबांनी तो फोन कसा लावावा?

याहून बरी वाट सरकारी रुग्णालयांतच आहे. एच. आय. व्ही.च्या तपासणीसाठी तेथे समुपदेशन केंद्रे आहेत. तपासणीआधी आणि नंतरही समुपदेशक रुग्णाशी एकांतात बोलतो. एका आजाराला जे आवश्यक मानले, ते मूत्रपिंडाच्या, साखरेच्या, कॅन्सरच्या रुग्णाला का नको? जन्मभराची सोबत तर यांनाही आहे. गोळ्यांच्या रांगेपासून दहा पावलांवर एक दार लागणारी खोली आणि आपल्या बोलीत विचारणारे एक माणूस हवे. त्याच दिवशी, त्याच फेरीत, कारण वेगळ्या दिवशी एस. टी.चे भाडे खर्चून ‘बोलायला’ कोणी जाणार नाही. आणि घरच्यांनाही त्या खोलीत बोलवावे. आमची आई दोन वर्षांत एकदाही रडलेली मी पाहिली नाही, याचे मला भय वाटते.

मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. आमच्या प्रात्यक्षिकांपैकी एखादे रुग्णालयाच्या बाकावर होऊ द्या. सल्ला द्यायला नव्हे, आमचा तो अधिकार नाही, नुसते ऐकून घ्यायला.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी तासांना का नसते, असे सरांनी मागे वर्गात विचारले होते. तेव्हा मी ‘घरी काम होते’ म्हणाले.